पाव्हणं पिंप, घरचं पाणी

मी पिंप बोलतोय. दचकू नका. माझ्या जवळून जाणारा प्रत्येक माणूस माझ्या पोटावर टकटक करतो आणि शेजारच्याला सांगतो, "रिकामं हाय." बाजारात कलिंगड निवडताना करतात, अगदी तसंच. कलिंगड बिचारं गप्प बसतं. मी पुष्कळ दिवस गप्प बसलो, आज बसणार नाही. मी रिकामा नाही. माझ्यात काय आहे आणि ते का आहे, तेच सांगायचं आहे.

बारामतीच्या एमआयडीसीतून इंदापूरच्या बाजूला निघालात की सणसरच्या अलीकडे उसाच्या फडांमधून एक कच्चा रस्ता आत वळतो. त्याच्या टोकाला पत्र्याची उंच शेड आहे. तिथे आबासाहेब उसाच्या रसाची रम करतात, सरकारी परवान्यानं, राजरोस. शेडमध्ये आम्ही पिंपं ओळीनं आडवी झोपलेलो असतो. दाराजवळच्या कोपऱ्यातला, जरा काळपट, एक कडी गंजलेला, तो मी.

माझा जन्म इथला नाही. दूर अमेरिकेत पांढऱ्या ओकच्या झाडापासून माझ्या फळ्या निघाल्या. त्या वाकवल्या, लोखंडी कड्यांत आवळल्या आणि मग मला आतून चक्क जाळलं. घाबरण्यासारखं काही नव्हतं, तो आमच्यातला संस्कार आहे. आत कोळशाचा थर धरला की दारूला रंग चढतो. तिकडे माझ्यात मक्याची दारू मुरली. तिकडची रीत अशी, की त्या दारूला दर वेळी नवं कोरं पिंप लागतं. एकदा वापरून झालं की आमची रवानगी. बोटीत बसलो, न्हावाशेव्याला उतरलो, तिथून कंटेनरमध्ये घाट चढून वर आलो.

मला उतरवून घेतलं रामहरीनं. शेडमधली सगळी पिंपं त्याच्या ताब्यात. भरणं, लोळवणं, बुचं बघणं, गळती धरणं, सगळं तोच करतो. पण तेव्हा त्यानं जन्मात पहिल्यांदा असलं पिंप पाहिलं होतं.

"आबा, ह्येच्या फटीतनं उजेड दिसतोय की! फसवलं तुमाला."

प्रवासात मी पार सुकलो होतो. ओकच्या लाकडाला पाणी पाजलं की ते फुगतं आणि फटी बुजतात, हे आबासाहेबांनी कुठेतरी ऐकलं होतं. ते नळी शोधायला निघाले. तेवढ्यात त्यांच्या पत्नी सिंधुबाई हातात तांब्या घेऊन शेडच्या दारात उभ्या राहिल्या.

"एवढ्या लांबनं आलाय," त्या म्हणाल्या. "पाव्हण्याला आधी पाणी द्यावं का न्हाय?"

आणि खरोखरच त्यांनी तांब्याभर पाणी माझ्या तोंडात ओतलं. उरलेलं नळीनं भरलं, पण पहिलं पाणी त्यांच्या हातचं. रामहरी खो खो हसला आणि त्या दिवसापासून माझं नाव पाव्हणा पडलं.

ते पाणी होतं त्यांच्या विहिरीचं. विहिरीची गोष्ट मी रामहरीकडून इतक्या वेळा ऐकली आहे, की ती मीच पाहिली असं वाटतं. सिंधुबाई लग्न होऊन आल्या तेव्हा ह्या रानात दोन विहिरी होत्या, दोन्ही कोरड्या. पाणाड्या बोलावला, नारळ फिरवला, काही उपयोग झाला नाही. नव्या सुनेनं बांधावरच्या वारुळाकडे बोट दाखवून म्हटलं, "हितं खांदा. हितली माती हाताला गार लागती." सगळे हसले. आबासाहेबही हसले. मग तिथेच खणलं आणि पाणी लागलं. आजही भर उन्हाळ्यात तिचा तळ दिसत नाही.

दारूचा कारखाना काढायचं ठरलं तेव्हा सिंधुबाई आठवडाभर आबासाहेबांशी बोलल्या नव्हत्या म्हणे. शेवटी एका अटीवर बोलल्या. ती अट त्यांनी माझ्यासमोर पुन्हा एकदा वदवून घेतली, पहिली रम आमच्यात भरली त्या दिवशी.

"मुरल्यावर हिच्यात पाणी घालत्यात ना?"

"घालावंच लागतंय," आबासाहेब म्हणाले. "आत्ता हिचा जोर लई हाय. अशी प्याली तर घसा सोलून निघंल."

"मग ते पाणी माझ्या विहिरीचं घालायचं. दारू तुमची, पाणी माझं. कबूल?"

"कबूल."

"रामहरी, ऐकलंस ना? हा माणूस नंतर ऐकू येत न्हाय म्हणतो."

"म्या कशाला, पाव्हण्यानं ऐकलंय की," रामहरी म्हणाला. मग सिंधुबाईंनी माझ्या पोटावर तळवा ठेवला. टकटक केली नाही, नुसता हात ठेवला. "गार लागतंय," म्हणाल्या आणि पदर नाकाला लावून बाहेर गेल्या. वास त्यांना शेवटपर्यंत सोसला नाही. पण शेडमध्ये आल्या की जाताना एकदा हात ठेवून जायच्या.

इकडचा उन्हाळा तुम्हाला माहीत आहे. पत्रा तापला की आमच्या फळ्यांतून दारूची वाफ हळूहळू बाहेर पडते. रामहरी त्याला वाऱ्याचा वाटा म्हणतो. वारा आपला वाटा नेत राहिला, रम मुरत राहिली आणि एका उन्हाळ्यात सिंधुबाई यायच्या थांबल्या. त्या गेल्या त्या दिवशी रामहरीनं सगळ्या पिंपांची बुचं तपासली. संपली तशी पुन्हा पहिल्यापासून तपासली.

माझ्यातली रम आणखी मुरायला दुसऱ्या पिंपांत काढली आणि लक्षात आलं, की माझ्यात आता देण्यासारखा रंग उरलेला नाही. मला कोपऱ्यात लावलं. रामहरी माझ्यावर डबा ठेवून जेवू लागला. एका मांजरीनं मागच्या बाजूला पिल्लं घातली. आबासाहेबांचा मुलगा सुयोग, पुण्याहून शिकून आलेला, मोबाइलवर मोजमापं घेत माझ्याभोवती फिरला आणि म्हणाला, "याचे मधोमध दोन भाग केले तर गेटवर मस्त कुंड्या होतील. एकात बोगनवेल, एकात अडुळसा." अडुळसा! त्या दिवसापासून करवतीचा आवाज आला की माझ्या कड्या आखडायच्या.

मग पहिली रम बाटलीत भरायचे दिवस आले. सुयोगनं पुण्याच्या हॉटेलवाल्यांना बोलावणं धाडलं. आबासाहेबांना हॉटेलवाल्यांचं फार कौतुक नव्हतं. त्यांना एकच घाई होती. एका सकाळी त्यांनी विहिरीवरून शेडपर्यंत पाइप ओढला, जवळच्या टाकीत काही पिंपांतली रम काढली आणि स्वतःच्या हातानं मोटार चालू केली. उसाच्या सरीत पाटाचं पाणी सोडावं तसं पाणी टाकीत धो धो पडलं. त्यांचे ओठ हलत होते. काय म्हणत होते ते मोटारीच्या आवाजात कळलं नाही.

पाणी पडण्याआधी रम कशी होती सांगू? काकवीवर ऊन पडावं तशी. पाणी पडलं आणि तिच्यात धुकं उतरलं. दुपारपर्यंत तिचं रूप पार गेलं.

रामहरीनं पेल्यात घेऊन उजेडाला धरली. "आबा, ही तर नीरेला पूर आल्यावानी दिसाय लागली."

"बसंल खाली."

"गाळ बसतो. ह्ये काय बसायचं लक्षण न्हाय."

सुयोग धावत आला. "आप्पा, तुम्ही करुणा मॅडमना विचारलं का? एक फोन तरी करायचा!" घरात आबासाहेबांना मुलगा आप्पा म्हणतो. "आता विहिरीचं पाणी विसरा. एमआयडीसीतून फिल्टरचं पाणी मागवू. टँकर दोन तासांत येईल."

सगळे गेल्यावर आबासाहेब माझ्याजवळच्या पोत्यावर येऊन बसले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "तू ऐकलंस. मी कबूल म्हणालो हुतो."

आता करुणाबद्दल सांगायला हवं. ती लासुर्ण्याची. रसायनशास्त्र शिकलेली, रोज स्कूटीवरून येते. रमचा जोर मोजणं, मिश्रण ठरवणं ही तिची कामं. त्या आठवड्यात ती धाकट्या भावाच्या, बुद्धघोषच्या, लग्नाच्या गडबडीत होती, म्हणून हा गोंधळ तिच्या माघारी झाला. तिची एक गंमत आहे. ती दारूला तोंड लावत नाही. घरी पंचशील पाळतात, त्यातलं पाचवं दारू न पिण्याचं. ती सगळं नाकानं आणि काचेच्या नळीनं ओळखते. चव बघायची वेळ आली की सुयोगला बोलावते. तिच्या आई अक्काबाई फोनवर अधूनमधून टोचतात. फोन स्पीकरवर असला की मलाही ऐकू येतं.

"सकाळी वंदनेला पाचवं शील म्हणायचं आन् दिवसभर दारूत पळी फिरवायची. बरं जमतंय तुला."

"आई, मला दोन ठिकाणी मुलाखत द्यायची हाय, सांगितलंय ना. तोवर हितलं काम नीट करू दे."

"कर बाई, कर. पण नाकाला रुमाल लाव."

तर करुणा आली, पेला उजेडाला धरला आणि रागवायचं सोडून हसली. आबासाहेबांना ते लागलं.

"हसायला काय झालं, मॅडम?"

"तसं न्हाय आबा. हे सगळ्यांचंच होतं. परदेशातल्या मोठ्या मोठ्या लोकांचंसुद्धा." ती पोत्यावर त्यांच्याशेजारी बसली. "बघा, रममध्ये उसाचं आन् लाकडाचं थोडं तेलकट उतरलेलं असतं. वास त्यातच असतो. दारूचा जोर हाय तोवर ते विरघळून गप बसतं. एकदम पाणी पडलं की त्याला धरून ठेवणारा जोर जातो आन् ते बारीक बारीक थेंब होऊन बाहेर येतं. तेच हे धुकं."

"मग पाणी घालायचंच न्हाय?"

"घालायचं. पण आबा, तुमी उसाला पाटानं पाणी देणं कधी सोडलं?"

"ठिबक बसवलं तवा."

"का सोडलं?"

"अगं, पाटानं लोंढा येतो. मुळांना पेलत न्हाय. ठिबकनं मागंल तेवढं पितंय."

करुणा नुसती त्यांच्याकडे बघत राहिली. आबासाहेबांनी आधी टाकीकडे पाहिलं, मग कोपऱ्यात पडलेल्या ठिबकच्या काळ्या नळीच्या वेटोळ्याकडे.

"च्यायला," ते म्हणाले.

"आन् ठिबकची तोंडं कशानं चोक होत्यात?"

"क्षारानं. पांढरा थर धरतो. अॅसिड सोडावं लागतंय..." आणि ते मध्येच थांबले. पुढचं त्यांना कळलं होतं. त्यांच्याच विहिरीचे क्षार होते ते. त्यांच्या ड्रिपरवर, घरातल्या माठाच्या बुडाशी, गिझरच्या कॉइलवर वर्षानुवर्षं बसत आलेले.

"विहिरीचं पाणी जड हाय, आबा," करुणा हळू आवाजात म्हणाली. "प्यायला गोड हाय. पण रममध्ये त्याचे क्षार आज ना उद्या दिसणारच. बाटलीत गेल्यावर तळाशी बसतील."

"म्हंजी टँकरच मागवायचा."

करुणालाही ती अट माहीत होती. ह्या शेडमध्ये ती कुणाला माहीत नव्हती?

"एक करता येईल," ती म्हणाली. "पाणी विहिरीचंच घेऊ. भट्टीत उकळू, वाफ धरू, थंड करू. क्षार मागं राहतील, पाणी पुढं येईल."

दुसऱ्या दिवशी तांब्याची भट्टी घासून धुतली आणि तिच्यात चक्क विहिरीचं पाणी घातलं. दारूच्या जागी पाण्याची धार लागली. आबासाहेबांनी पेला पुढे केला, घोट घेतला, तोंडात घोळवला.

"पाणचट हाय."

"पाणी पाणचटच असणार की आबा," रामहरी म्हणाला.

"गप रे. तिच्या विहिरीला चव हाय. ह्याला काय? ह्यात तिचं ऱ्हायलं काय?"

रामहरीचं हसू गेलं. करुणानं ओढणीच्या टोकाला गाठ मारली, सोडली.

"पाणी तिचंच हाय," ती म्हणाली. "चव तुमच्याकडं ऱ्हाऊ द्या, आबा. बाटलीत पाणी जाऊ द्या."

आबासाहेब पेला हातात धरून विहिरीच्या बाजूला पाहत राहिले. मग उरलेलं पाणी प्यायले आणि म्हणाले, "लाव ठिबक."

इथे माझा प्रवेश आहे, जरा सावरून बसा.

करुणाचं म्हणणं असं, की कोरं पाणी थेट रममध्ये सोडायचंच नाही, थेंबानंसुद्धा. आधी त्या पाण्यात थोडी रम मिसळायची. पाणी आंबू नये आणि त्याला रमची ओळख व्हावी एवढी. ते मिश्रण लाकडात मुरू द्यायचं आणि मगच ते पातळ पाणी ठिबकनं मुख्य पिंपांत सोडायचं. थोडं सोडायचं, थांबायचं, रमला सावरू द्यायचं, पुन्हा थोडं.

"त्यासाठी पिंप कोणतं?" सुयोगनं विचारलं. "नवीन उतरवलंय ते घेऊ."

"नवीन नको. ते पाण्याला नुसतं लाकूड पाजेल, कडू करून ठेवेल. ज्यातला सगळा रंग-राग गेलाय असं म्हातारं पाहिजे." आणि करुणानं शेडभर नजर फिरवली.

रामहरीनं माझ्यावरचा डबा उचलला. "पाव्हणा हाय की!"

"त्याच्या कुंड्या—" सुयोग म्हणाला.

"कुंड्या गेल्या खड्ड्यात," आबासाहेब म्हणाले. "मांजराची पिल्लं तेवढी जपून उचला."

मी इतके दिवस समजत होतो, की माझ्यातलं सगळं संपलं म्हणून मला कोपऱ्यात टाकलंय. ते संपलं होतं म्हणूनच मी हवा होतो. अशा गोष्टी कुणी आधी सांगत नाही.

मला धुतलं, भरलं, आणि ते विहिरीचं वाफ होऊन आलेलं पाणी माझ्या पोटात रमशी हळूहळू बोलू लागलं. पाऊस संपून ज्वारी पोटरीत येईपर्यंत ते माझ्यात राहिलं. मग ठिबकची नळी जोडली. उसाला लावतात तीच नळी, तेच ड्रिपर, फक्त नवे कोरे. टप, टप. शेडमध्ये दुसरा आवाज नाही. आबासाहेब रोज येऊन बसायचे. पहिल्या दिवशी त्यांनी तोटी जरा जास्त सोडायचा प्रयत्न केला. रामहरीनं त्यांचा हात धरला.

"मालक, पाट न्हाय ह्यो."

माणसांचंही मी एक पाहिलं आहे. सिंधुबाई गेल्या तेव्हा सगळा गाव एकदम ह्या घरी लोटला. बोलणं, रडणं, धीर देणं, सगळं एकाच आठवड्यात. आबासाहेब तेव्हा त्या टाकीतल्या रमसारखेच झाले होते. मग सगळे एकदम गेले. पुढे एकटा रामहरी रोज जेवताना एखादं वाक्य बोलायचा. "विहिरीवर सुगरणीनं खोपा केलाय, आबा." एवढंच. त्या थेंबांवर ते हळूहळू निवळले. मी लाकूड, मला फार कळत नाही. पण हे शेजारी बसून पाहिलं म्हणून सांगितलं.

शेवटी वाद झाला तो जोरावर. सुयोगचं म्हणणं, बाकीच्या कंपन्यांइतकी पातळ करू, म्हणजे बाटल्या जास्त निघतील. करुणा म्हणाली, "शेहेचाळीस टक्क्यांच्या खाली न्यायची न्हाय. त्याखाली तेल पुन्हा बाहेर डोकावतं. तेवढी पातळ करायची तर गोठवून गाळावी लागंल आन् वास निम्मा जाईल." तिनं दोन पेले आबासाहेबांच्या घरच्या फ्रिजमध्ये, दुधाच्या पातेल्याशेजारी ठेवले. सकाळी सुयोगच्या मापाचा पेला धुकटला होता, तिचा लख्ख होता. सुयोगनं दोन्ही पेले पाहिले, कान खाजवला आणि लेबलवर शेहेचाळीसच छापून आणलं. आधी गढूळ झालेली टाकीतली रम पुन्हा भट्टीत गेली. तिचीही काही ना काही सोय होईलच.

एवढे दिवस थांबवून ठेवलेले हॉटेलवाले आले तो दिवस. दोन मोठ्या गाड्या, गॉगल, प्रत्येकानं माझ्यावर टकटक केली. टेबलावर बाटली होती. तिच्या आरपार पलीकडचा ऊस दिसत होता, पानापानासकट. एकानं झाकणाला हात घातला. आबासाहेब म्हणाले, "थांबा. आमच्यात पाव्हण्याला आधी पाणी."

रामहरीनं तांब्या-भांडं आणलं. विहिरीचं, न उकळलेलं, न गाळलेलं, गार. सोबत गुळाचा खडा. पाहुणे एकमेकांकडे पाहत प्यायले आणि त्यातला एक वयस्कर माणूस म्हणाला, "वा, काय चव आहे पाण्याला!"

आबासाहेबांनी मान फिरवली. करुणानं ते पाहिलं, मीही पाहिलं.

मग बाटली उघडली. वास घेतले गेले, माना डोलल्या, सुयोगनं लांबलचक भाषण केलं. हॉटेलवाले खूश होऊन गेले. ऊन कललं. करुणा स्कूटी काढायला निघाली तेव्हा आबासाहेबांनी तिला हाक मारली. त्यांच्या हातात पेला होता, बोटभर रम. शेजारी तो तांब्या, तळाशी थोडं पाणी उरलेला.

"मॅडम, हे आता माझ्या पेल्यातलं हाय. विकायचं न्हाय. चालंल ना?"

"चालंल, आबा."

त्यांनी तांब्या वाकडा केला. विहिरीचं पाणी पेल्यात पडलं, एकदम, पाटानं पडतं तसंच. रममध्ये धुकं उठलं, गोल गोल फिरलं आणि पेलाभर पसरलं.

"गाळायचंय का?" रामहरीनं विचारलं.

"नको," आबासाहेब म्हणाले. पेला उजेडाला धरून ते त्या धुक्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "आली."

करुणानं स्कूटी तशीच उभी ठेवली आणि ती पोत्यावर येऊन बसली. रामहरीही बसला. 

तर सध्या मी असा आहे. माझ्या पोटात पुढच्या खेपेचं पाणी मुरतंय, सिंधुबाईंच्या विहिरीचं. गंजलेल्या कडीशेजारी एक नवी बसवली आहे. मांजर परत आली आहे. गेटवर अडुळसा लावलाय, पण सिमेंटच्या कुंडीत. परवा सुयोगनं कुणाला तरी माझी ओळख करून दिली, "हे आमचं अमेरिकेचं पिंप." रामहरी तिकडून ओरडला, "अमेरिकेचं कुठलं? सणसरचं पाणी पितंय ते!"

कधी ह्या रस्त्यानं आलात तर आत या. पाणी मिळेल, गूळही मिळेल. फक्त टकटक करू नका. आत कुणी आहे का हे बघायचंच असेल, तर पोटावर नुसता हात ठेवा. गार लागेल.